लांबच्या कच्च्या प्रवासासाठी डीआर ६५० ची तयारी: काय करावं, काय टाळावं?

खडीवाट:

सुझुकी डीआर ६५० एसई घेऊन मध्य आशिया आणि मंगोलिया असा प्रवास ठरतो आहे. अंतर २०,००० ते २५,००० किमी. त्यातला साधारण निम्मा रस्ता कच्चा: खडी, मधूनमधून वाळू, आडव्या वळ्या पडलेले लांबलचक पट्टे, ओढे-नाले आणि पामीरची उंची.

गाडी २८,००० किमी चाललेली आहे आणि कारखान्यातून आली तशीच आहे. टाकी १३ लिटरची, कार्बुरेटर आणि सस्पेन्शनही मूळचंच. चालकाचं वजन पोशाखासकट ९५ किलो, सामान ३५ किलो धरलं आहे.

सध्या खरेदीच्या यादीत ३० लिटरची टाकी, अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या, पंपर कार्बुरेटर (थ्रॉटल देताच जादा पेट्रोल फवारणारा), मोकळा सायलेन्सर, जादा दिवे आणि लिथियम बॅटरी आहे. यातलं खरोखर काय लागतं? या इंजिनातले कच्चे दुवे कोणते? आणि सुटे भाग कोणते न्यावेत? हाताशी तीन महिने आहेत. पाने चालवायची सवय आहे, पण इंजिन कधी उघडलेलं नाही. जाणकारांनी सांगावं.

जुना पाना:

तुमच्या यादीत वजन वाढवणाऱ्या आणि दिसायला भारी वस्तू आहेत. गाडी टिकवणारी एकही नाही. आधी वजनाचा हिशेब करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अ‍ॅल्युमिनियमच्या दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांची चौकट मिळून सहज १५ किलोच्या घरात जातात. म्हणजे तुमच्या ३५ किलोंपैकी जवळजवळ निम्मं वजन नुसत्या डब्यांचं. कापडी जलरोधक पिशव्या हलक्या चौकटीसह ५-६ किलोंत बसतात. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. वाळूत किंवा खोल खडीत पाय टेकवत पुढे जाताना पाय मागे राहतो आणि पेटीची कड पोटरीवर येते. घोटा आणि नडगी मोडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. कापडी पिशवी अशा वेळी दबते. तिचा एक तोटा जरूर आहे: कुलूप नाही. मौल्यवान वस्तू एका छोट्या पिशवीत ठेवा आणि ती गाडीपासून दूर जाताना अंगावर घ्या.

सामान कुठे बांधता ते किती आहे याइतकंच महत्त्वाचं. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे दोन्ही आसांमधलं अंतर, १४९० मिमी आहे. मागच्या आसाच्या ३०० मिमी मागे १० किलो बांधलेत तर मागच्या चाकावर १२ किलो वाढतात आणि पुढच्या चाकावरून २ किलो कमी होतात. पुढचं चाक हलकं झालं की खडीत हँडल डुलायला लागतं, आणि लोक विनाकारण स्टिअरिंगच्या बेअरिंगला दोष देतात. अवजारं, ट्यूब, पाणी, सुटे भाग हे सगळं जड सामान बॅश प्लेटजवळ (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याजवळ) किंवा टाकीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत घ्या. मागे वर फक्त झोपायची पिशवी, तंबू आणि कपडे. एकूण २५ किलोंत बसवायचा प्रयत्न करा. ३५ किलो नेता येतात, पण मागची उपचौकट त्याची किंमत वसूल करते.

उपचौकट, म्हणजे सीटखालची नळ्यांची चौकट, मुख्य चौकटीला जोडणारे वरचे बोल्ट आडव्या वळ्यांच्या रस्त्यावर तुटतात. ते काढून जास्त ताकदीचे, १०.९ दर्जाचे बोल्ट घाला. लांबी आणि आटे मूळच्या बोल्टशी जुळवून घ्या. सीट काढून सगळे वेल्डचे सांधे ब्रेक क्लीनरने पुसा आणि विजेरीच्या उजेडात पाहा. रंगावर केसासारखी रेघ किंवा गंजाची बारीक धार दिसली तर तिथे तडा आहे असंच समजा.

आता सस्पेन्शन. तुमची मूळ स्प्रिंग इतक्या वजनासाठी नाही, हे मोजून पाहा. पद्धत अशी:

१. गाडी उचलून मागचं चाक पूर्ण मोकळं लोंबकळू द्या. आसापासून सरळ वर, मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा.
२. गाडी जमिनीवर, चालक नाही, सामान नाही. तेच अंतर मोजा. पहिल्यातून वजा केलं की स्थिर सॅग, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाने सस्पेन्शन किती दबतं, तो आकडा मिळतो. २५ ते ३५ मिमी हवा.
३. सगळं सामान, पाऊण टाकी पेट्रोल आणि पूर्ण पोशाखातला चालक, पाय खुंट्यांवर. पुन्हा मोजा. डीआरचा मागचा प्रवास २६० मिमी आहे. त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ८० ते ८५ मिमी सॅग यायला हवा.

मागच्या स्प्रिंगचा आधीचा ताण (प्रीलोड) वाढवून तिसरा आकडा जमवलात आणि दुसरा आकडा १५ मिमीच्या खाली गेला, तर स्प्रिंग मऊ आहे. नुसता ताण वाढवून तिचं काम भागत नाही. मग वजनानुसार कडक स्प्रिंग घालावी लागते, आणि शॉक उघडतोच आहात तर तेल आणि सील नवे. पुढेही वजनाप्रमाणे स्प्रिंगा, नवं तेल आणि फोर्कवर रबरी पडदे. ३० लिटरच्या टाकीचे आणि सायलेन्सरचे पैसे इथे घाला. सायलेन्सर तर सोडूनच द्या. आवाज वाढतो आणि मिश्रण नव्याने जुळवत बसावं लागतं.

तेलकट हात:

इंजिनाबद्दल. हे इंजिन दणकट आहे, पण आत एक जागा अशी आहे की ती न बघता निघूच नये: न्यूट्रलचा स्विच. तो उजव्या बाजूला क्लचच्या डब्यामागे असतो आणि दोन छोट्या स्क्रूंवर बसलेला असतो. कंपनांनी ते स्क्रू सैल होतात. एखादा सुटून फिरत्या दात्यांत गेला तर दाते तर जातातच, आवरणालाही भोक पडू शकतं. बाहेरून काही कळत नाही. न्यूट्रलचा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, एवढीच खूण मिळते आणि तीही प्रत्येक वेळी मिळत नाही.

इंजिन उघडलेलं नसलं तरी हे काम जमण्यासारखं आहे. तेल काढा, मागच्या ब्रेकचं पेडल बाजूला करा आणि क्लचचं आवरण उतरवा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर आवरणाचा आकार काढून जिथला बोल्ट तिथेच खोचून ठेवा. क्लचच्या स्प्रिंगा आणि प्लेटा क्रमाने काढा. मधल्या नटाखालच्या कुलूप-वॉशरचा दुमडलेला भाग सरळ करा, हब धरायच्या साधनाने धरून नट सोडा आणि डबा बाहेर घ्या. आता स्विचचे दोन स्क्रू दिसतील. दोन्ही एकदम काढू नका, नाहीतर मागची ओ-रिंग आणि संपर्काची स्प्रिंग निसटते. एक काढा, त्याचे आटे आणि भोक ब्रेक क्लीनरने तेलविरहित करा, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक लावून आवळा, मग दुसरा. आणखी खात्री हवी तर स्क्रूच्या डोक्यांना आरपार भोक पाडून दोन्ही बारीक स्टीलच्या तारेने एकमेकांना बांधा. तारेचा ओढा स्क्रू आवळायच्या दिशेला हवा. हे स्क्रू जपानी फुलीचे आहेत. साधा फुली पेचकस त्यांची डोकी खातो, योग्य टोक घ्या. जोडताना आवरणाचं पॅकिंग आणि कुलूप-वॉशर दोन्ही नवे घ्या. क्लच प्लेटा हातात आहेतच तर जाडी मोजून टाका. २८,००० किमीला बहुधा ठीक निघतील.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण थंड असताना मोजा: इनटेक ०.०८ ते ०.१३ मिमी, एक्झॉस्ट ०.१७ ते ०.२२ मिमी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा. त्या वेळी चारही रॉकरना थोडी हालचाल असते. एक्झॉस्टची फट सैल बाजूला, ०.२० च्या आसपास ठेवा, कारण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात जास्त भारावर फट आणखी कमी होते. थोडा टकटक आवाज चालेल. घट्ट बसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र नीट मिटत नाही आणि जळतो.

तेल १०डब्ल्यू-४०, जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारं), फिल्टरसह साधारण २.४ लिटर. फिल्टरचं एक तोंड उघडं असतं, ते इंजिनाच्या बाजूला आत जातं. उलटा बसला तर तेलाचा मार्ग अडतो. झाकणाची ओ-रिंग दर वेळी पाहा. लांबच्या प्रवासात ४,००० ते ५,००० किमीला तेल बदला, आणि रोज सकाळी पातळी पाहा. हे इंजिन महामार्गावर सलग वेगात धावलं की तेल पितं. सोबत अर्धा लिटर पुरतं.

सिलिंडरच्या बुडाच्या पॅकिंगमधून या गाड्यांत तेल पाझरतं. नुसता ओलावा असेल तर पुसत राहा. धार लागली असेल तर निघण्यापूर्वी बदला, कारण त्यासाठी वरचा भाग सगळा उतरवावा लागतो.

उजवीकडे गाडी पडली की ब्रेकचं पेडल आत दुमडून क्लचच्या आवरणाला भोसकतं. पेडलच्या टोकापासून बॅश प्लेटपर्यंत बारीक स्टीलची तार बांधा; तिने फांद्यांपासूनही बचाव होतो. डावीकडच्या आवरणावर जाड पत्र्याचं कवच बसवा, आणि स्टीलमिश्रित एपॉक्सी लांबी (भेगा बुजवायचा लगदा) सोबत ठेवा. तडा गेलेली जागा पेट्रोलने पुसून, खरवडून ही लांबी दाबली आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबलात की पुढच्या गावापर्यंत इंजिन तेल धरतं.

एअर फिल्टर हा इंजिन मरण्याचा सगळ्यात साधा मार्ग आहे. स्पंजला तेल चोळा, मुरू द्या, दाबून जादा तेल काढा. पिळू नका, शिवणी उसवतात. बसणाऱ्या कडेला ग्रीसचा पातळ थर. तेल लावलेला दुसरा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्या, म्हणजे धुळीच्या दिवशी पाच मिनिटांत बदलता येतो. काढल्यावर फिल्टरमागच्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर माती आली तर फिल्टर कितीही स्वच्छ दिसो, कडेने धूळ आत जाते आहे.

चाकाचा आस:

चाकं आणि साखळीबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून हे.

चाकाची सगळी बेअरिंगं काढून नवी, दोन्ही बाजूंनी रबरी सीलची घाला. मागे स्प्रॉकेट धरणाऱ्या भागातलं बेअरिंग विसरू नका. तेच आधी जातं. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, तो वहीत लिहा. एक जादा संच न्या. हे बेअरिंग आधी सांगून जातं: चाक हाताने आडवं हलवलं की अगदी बारीक खटखट जाणवते. तेव्हाच बदला. पूर्ण फुटेपर्यंत चालवलंत तर हबमधली बैठकच खराब होते, आणि नवं बेअरिंग त्यात टिकत नाही.

आरे पान्याने टिचकी मारून ऐका. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. पहिल्या १,००० किमी कच्च्या रस्त्यानंतर पुन्हा ऐका. एका बैठकीत पाव फेऱ्यापेक्षा जास्त आवळू नका.

ट्यूब जाड घ्या, पण सगळ्यात जाड ४ मिमीची नको. मंगोलियापर्यंत पोचायला डांबरी महामार्गही पुष्कळ आहे. तिथे भरलेल्या गाडीखाली अति जाड ट्यूब तापते आणि जडही असते. मध्यम जाडी पुरे. जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढची २१ इंची न्या. अडल्यावर ती मागच्या १७ इंची टायरात घडी पडू न देता बसवता येते आणि जवळच्या गावापर्यंत जाता येतं. उलट होत नाही. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढतो. नट मोकळा असेल तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि मुळातून फाटण्याआधी कळतं.

हवा: भरलेल्या गाडीला डांबरावर पुढे २.० आणि मागे २.२ बार, खडीवर १.६ आणि १.८, लांब वाळूत १.२ च्या आसपास. धारदार दगड असतील तर हवा फार उतरवू नका. टायर दबून रिम ट्यूबला चिमटा घेते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. ठिगळाचा सोल्युशन एकदा उघडला की वाळतो, म्हणून मोठी नळी नको, तीन छोट्या सीलबंद नळ्या घ्या.

साखळी ५२५ ची, ११० कड्यांची. साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदम नवीन. साखळीचा ढील हा विषय लोक हलका घेतात. गाडी रिकामी असताना पुस्तकातल्या आकड्याला लावलेला ढील, सामान आणि चालक चढल्यावर संपतो. मग ताठ साखळी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टला ओढत राहते. आधी तेलाचं सील जातं, मग बेअरिंग. योग्य रीत अशी: पट्ट्याने मागची बाजू इतकी दाबा की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा आस एका रेषेत येतील. साखळी सगळ्यात ताठ इथेच असते. या जागी १० ते १५ मिमी ढील राहू द्या. मग पट्टा सोडून, गाडी बाजूच्या स्टँडवर असताना तोच ढील किती दिसतो ते मोजा आणि स्विंगआर्मवर लिहून ठेवा. पुढे रस्त्यात फक्त तोच आकडा पाहायचा.

सोबत एक रिव्हेटची कडी आणि दोन क्लिपच्या कड्या. क्लिपचं मिटलेलं टोक साखळी धावते त्या दिशेला.

खडीवाट:

तिघांचेही मनापासून आभार. पेट्या, सायलेन्सर यादीतून गेले. न्यूट्रल स्विचचं काम पहिल्याच आठवड्यात करतो.

अजून तीन गोष्टी. टाकी ३० की २० लिटर? उंचीवर मूळचा कार्बुरेटर चालेल का? आणि वीज: गरम ग्रिप, फोनचा चार्जर आणि टायरचा छोटा पंप एवढंच लावायचं आहे.

उंच खिंड:

टाकी २० लिटरच्या आसपासची घ्या. भरलेल्या डीआरची सरासरी २० किमी प्रति लिटर धरा, पण हिशेब समोरच्या वाऱ्यात आणि वाळूत होणाऱ्या १५-१६ वर करा. वीस लिटरवर वाईटात वाईट ३०० किमी निघतात. पेट्रोल लिटरला पाऊण किलो. ३० लिटर म्हणजे साडेबावीस किलो, तेही उंचावर आणि पुढे. ज्या दोन-चार टप्प्यांवर ३०० किमी पुरत नाहीत, तिथे पाच लिटरची घडीची इंधन-पिशवी भरा. रिकामी झाली की ती गुंडाळून ठेवता येते. मोठी टाकी गुंडाळता येत नाही.

मोठी टाकी बसवताना एक चूक हमखास होते. मूळच्या टाकीचा पेट्रोलचा कॉक इंजिनाच्या हवेच्या ओढीवर उघडतो. नव्या टाकीचा हाताने उघडायचा असतो. जुन्या कॉककडे जाणारी बारीक नळी काढली की कार्बुरेटरच्या बाजूचं तिचं तोंड रबरी टोपीने बंद करायलाच हवं. ते उघडं राहिलं तर तिथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. टाकीच्या झाकणातून हवा आत येते का तेही पाहा: झाकण घट्ट असताना गाडी अर्ध्या तासाने गचके देत बंद पडली आणि झाकण उघडताच सुस्कारा ऐकू आला, तर वायुनळी तुंबली आहे. पेट्रोलच्या नळीत कागदी फिल्टर नको. टाकी अर्ध्याखाली गेली की नुसत्या उताराच्या दाबावर त्यातून पुरेसं पेट्रोल येत नाही. बारीक जाळीचा घ्या.

कार्बुरेटर मूळचाच ठेवा, असं माझं ठाम मत आहे. पंपर कार्बुरेटरने थ्रॉटल चपळ होतो, पण मूळचा कार्बुरेटर निर्वातावर चालतो आणि पातळ हवेशी काही अंशी आपोआप जुळवून घेतो. पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड ४,६५५ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५६ टक्के असतो, आणि इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात घटते. ही घट कोणताही कार्बुरेटर भरून काढत नाही. करायचं ते एवढंच: तिथल्यासाठी पुढचं १४ दात्यांचं स्प्रॉकेट. मूळचं १५ असतं, मागचं ४२. गुणोत्तर २.८ वरून ३.० होतं, म्हणजे सात टक्के जास्त ओढ. साखळी तीच चालते. आयडल ढवळत असेल, सुरू होताना काळा धूर असेल तर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा आत. काही देशांत विकलेल्या गाड्यांवर हा स्क्रू पितळी टोपणाखाली झाकलेला असतो. ते टोपण निघण्यापूर्वी घरीच काढा. भोक पाडताना छिद्रण आत घुसून स्क्रूचं डोकं खराब करतं, म्हणून टोकाला चिकटपट्टी गुंडाळून खोलीची मर्यादा बांधा. लहान मेन जेट (कार्बुरेटरमधली पेट्रोल मोजून सोडणारी पितळी छिद्रं) दोन मापांचे न्या आणि पहिल्यांदा बदलताना फ्लोटच्या वाटीचे मऊ फुली स्क्रू काढून षट्कोनी खाचेचे घाला.

कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं तर घाबरू नका. या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर ९.५:१, म्हणजे मध्यमच आहे. कमी आरपीएमवर जास्त थ्रॉटल देऊन चढ चढू नका, एक गिअर खाली घ्या. आतून खडखड ऐकू आली की थ्रॉटल लगेच कमी. गढूळ पेट्रोलाची भीती जास्त खरी आहे: फ्लोटच्या वाटीच्या तळाचा निचरा-स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं की खाली बसलेलं पाणी स्पष्ट दिसतं.

बारा व्होल्ट:

विजेचं गणित सोपं आहे, फक्त आधी करायला हवं. या गाडीचा जनित्र-भाग ५,००० आरपीएमला सुमारे २०० वॉट देतो. आयडलवर त्यापेक्षा बराच कमी. त्यातून हेडलाइटचे ५५-६०, मागचा दिवा, इग्निशन आणि बॅटरीचं चार्जिंग भागवायचं. गरम ग्रिपचे ३० ते ४० आणि चार्जरचे १५ वॉट यात बसतात. जादा दिव्यांची जोडी त्यांच्या जोडीला नको. रात्री कच्च्या रस्त्यावर चालवायचंच नाही असं ठरवा, दिव्यांचा प्रश्न संपतो.

सगळं चालू करून बॅटरीच्या टोकांवर मोजा. ४,००० आरपीएमला १३.५ व्होल्टच्या वर हवं. आयडलवर १२.८ च्या खाली गेलं तर गावातल्या संथ रहदारीत ग्रिप बंद ठेवायच्या. टायरचा पंप १० अँपियरच्या आसपास ओढतो, त्याला स्वतंत्र जाड वायर आणि १५ चा फ्यूज थेट बॅटरीपासून. चार्जरच्या सॉकेटवर लावू नका. आणि हातपंप न्याच. पंपाची मोटार धुळीत बंद पडते, हातपंप पडत नाही.

जोड डाख देऊन करू नका. डाख वायरच्या तारांमध्ये वर चढतो, तो कडक भाग जिथे संपतो तिथे कंपनांनी वायर तुटते. योग्य मापाचं दाबून बसवायचं टोक (क्रिंप), योग्य पकड, वर गरम केल्यावर आवळणारी गोंदाची नळी. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा आणि स्टिअरिंगच्या मानेजवळ कोणती वायर ताणते, कोणती घासते ते पाहा. रस्त्यात होणारे विजेचे बिघाड बहुतेक याच हातभर जागेत होतात.

लिथियम बॅटरी नको. हलकी आहे हे खरं, पण गोठणाऱ्या सकाळी ती मंदावते, आणि या गाडीला किक नाही. मूळच्या मापाची, वायटीएक्स ९-बीएस, नवी साधी बॅटरी घाला.

स्टँडचा आणि क्लचचा स्विच हे दोन्ही चिखलाने बिघडतात. लक्षण असं: न्यूट्रलमध्ये गाडी चालते, गिअर टाकताच बंद, किंवा स्टार्टरचं बटण मुकं. त्यांचे जोड कुठे आहेत ते आत्ताच शोधून रंगीत चिकटपट्टीने खूण करा आणि दोन टोकांची छोटी तार तयार ठेवा. स्टँडचा स्विच वगळून चालवताना स्टँड खाली राहिला तर गाडी सांगणार नाही. पहिल्या डाव्या वळणावर आपटेल. टाकीवर ठळक चिठ्ठी लावा आणि स्विच मिळताच बदला.

एका बाबतीत मात्र जुना पाना यांच्याशी माझं मत जुळत नाही. अवजारांचा सगळा भार बॅश प्लेटजवळच्या डब्यात नको. तो डबा दगडांचा मार खातो, आणि नदी पार करताना पाण्यात जातो. पाने आणि टायरचे लिव्हर तिथे. मीटर, फ्यूज, जेट, बेअरिंग वर कोरड्या जागी.

जुना पाना:

हे मान्य. डबा वापरणार असाल तर तळाला निचऱ्याचं भोक पाडा आणि पाने तेलकट फडक्यात गुंडाळा.

सुट्या भागांची माझी यादी, आधीच सांगितलेले सोडून: क्लचची केबल आणि थ्रॉटलची ओढ-केबल, दोन स्पार्क प्लग (या इंजिनाला एका सिलिंडरवर दोन लागतात, एनजीके सीआर१०ई), पुढचे-मागचे ब्रेक पॅड, क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, तेलाचे दोन फिल्टर ओ-रिंगांसह, क्लचच्या आवरणाचं पॅकिंग, ६ आणि ८ मिमीचे बोल्ट-नट मूठभर, मऊ लोखंडी तार, निळं थ्रेडलॉक, होज क्लिपा. क्लचची नवी केबल चालू केबलच्या शेजारूनच ओढून, दोन्ही टोकं चिकटपट्टीने बंद करून बांधून ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची, टाकी काढायला लागत नाही. ब्रेक पॅड जरा जास्तच न्या. वाळूमिश्रित चिखलात नवा पॅडही फार लवकर पाठीच्या पत्र्यापर्यंत झिजतो, आणि पत्रा चकती खरवडतो.

लिव्हरचे आधार हँडलवर पूर्ण आवळू नका. खाली टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून इतपत आवळा की हाताच्या जोराने फिरतील. पडल्यावर लिव्हर फिरतो, मोडत नाही.

अवजारांचा संच तुमच्या गाडीपुरताच. तो ठरवायची एकच रीत मला पटते: येत्या तीन महिन्यांतली सगळी कामं फक्त सोबत न्यायच्या संचाने करा. जे अवजार दुसरीकडून आणावं लागलं ते संचात घाला. ज्याला हात लागला नाही ते काढा. दोन्ही टायर रिमवरून काढून परत चढवायचं कामही त्याच लिव्हरांनी, जमिनीवर बसून.

वेळापत्रक असं धरा. पहिला महिना इंजिन, चाकं आणि सस्पेन्शन. दुसरा टाकी, वायरिंग, सामानाची चौकट. तिसऱ्याच्या सुरुवातीला सगळं सामान बांधून, टाकी भरून ८०० ते १,००० किमी चालवा, निम्मं कच्च्यावर. निघण्यापूर्वी उपचौकट, सामानाची चौकट, इंजिनाचे आधार, स्प्रॉकेट, ब्रेकची चकती, सायलेन्सर अशा प्रत्येक बोल्टवर रंगाची आडवी रेघ मारा, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या धातूवर. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली त्या बोल्टला थ्रेडलॉक. त्या फेरीनंतर नवा भाग लावायचा नाही, फक्त निघालेले दोष दुरुस्त करायचे.

खडीवाट:

१०.९ च्या बोल्टांना टॉर्क वाढवायचा का? आणि थ्रेडलॉक उपचौकटीवरही?

जुना पाना:

नाही, टॉर्क पुस्तकातलाच. बोल्ट ताकदवान झाला तरी समोरचा नट आणि चौकटीचे आटे जुनेच आहेत. जास्त आवळलंत तर ते जातील. थ्रेडलॉक हो, निळं. लाल नको, ते सोडवायला उष्णता द्यावी लागते आणि तंबूशेजारी ती सोय नसते. थ्रेडलॉक ओलं असताना आटे निसरडे होतात आणि त्याच टॉर्कला बोल्ट थोडा जास्त ताणला जातो, म्हणून पुस्तकात पल्ला दिला असेल तर खालचा आकडा धरा. आवळून झाल्यावर एक रात्र गाडी तशीच उभी ठेवा.